गणिताचे अध्यापन साहित्य

गणिताचे अध्यापन साहित्य : संख्या, क्रिया, आकार, माप व परस्परसंबंध या अमूर्त गणिती कल्पनांना विद्यार्थ्याने स्वतः हाताळता, रेखाटता, बोलता व लिहिता येईल असे रूप द्यावे, या हेतूने तयार केलेली वा निवडलेली साधने. काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, संख्यापट्ट्या, अपूर्णांकांच्या पट्ट्या, मापे, पुठ्ठ्याच्या आकृत्या, संख्यारेषा, आलेख इत्यादींचा त्यांत अंतर्भाव होतो. भिंतीवर टांगलेला सुबक तक्ता आणि मुलाच्या हातातील दहा काड्या या दोहोंना व्यवहारात ‘शैक्षणिक साहित्य’ असे एकच नाव असले, तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. तक्ता माहिती दाखवितो. काड्या मुलाला एखादी कल्पना स्वतः मांडण्यास भाग पाडतात. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या प्रकारच्या साहित्याचा विचार केला असून उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परिसरातून घेतली आहेत. प्राथमिक शिक्षणाच्या एका मोठ्या योजनेचा आरंभ राज्यात ज्या पाच जिल्ह्यांतून झाला, त्यांपैकी हा एक. शिवाय शेतीव्यवहारातील जुनी मापे आणि कन्नड भाषेचा शेजार यांमुळे प्रतिरूपाचे अनेक प्रश्न येथे स्पष्टपणे दिसतात.

ऐतिहासिक आढावा : गणित मांडून पाहण्याची प्रथा जुनी आहे. अंकगणिताला भारतीय परंपरेत ‘पाटीगणित’ म्हणत. पाटीवर धूळ पसरून तीवर आकडे लिहावयाचे व पुसावयाचे, अशी ही रीत होती. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत धूळपाटी दीर्घकाळ वापरात होती. त्या शाळांचा भर मात्र पाठांतरावर असे. साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत करून घेत. बाजारातील हिशेब तोंडी करण्यास ही विद्या अतिशय उपयोगी होती; परंतु पाऊण म्हणजे काय, हे मुलाने पाहिलेले असेलच असे नव्हते.

यूरोपात योहान पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) याने प्रत्यक्ष निरीक्षणाला शिक्षणाचा पाया मानले. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने गोल, घन, ठोकळे इ. ‘देणग्या’ बालोद्यानासाठी योजिल्या. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या साहित्यात सुटा मणी, दहा मण्यांची दांडी, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन अशी दशमान पद्धतीची रचना प्रत्यक्ष हाती येते. बेल्जियन शिक्षक झॉर्झ क्वीझनेर (१८९१–१९७५) याने १ ते १० सेंमी. लांबीच्या रंगीत कांड्या, तर हंगेरियन गणितज्ञ झोल्टान डीनेश (१९१६–२०१४) याने निरनिराळ्या पायांचे ठोकळे प्रचारात आणले.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेले कार्य या दृष्टीने निर्णायक ठरले. महागडी आयात साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी पाने, खडे, बिया, शिंपले यांसारख्या परिसरातील वस्तू बालशिक्षणात आणल्या. पुढे अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून भौमितिक आकृत्या करण्याची रीत लोकप्रिय केली. त्रिकोणाची चौकट दाबली तरी मोडत नाही, चौकोनाची मात्र तिरपी होते, हा भूमितीतील महत्त्वाचा भेद या साध्या साधनातून हाताला कळतो.

प्रतिरूपांचे प्रकार : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर (१९१५–२०१६) याने ज्ञानाच्या प्रतिरूपांचे कृतिरूप, प्रतिमारूप आणि चिन्हरूप असे तीन प्रकार सांगितले. पाच बियांत तीन बिया मिसळणे हे कृतिरूप; त्या बियांचे चित्र काढणे वा संख्यारेषेवर पाचापासून तीन उड्या मारणे हे प्रतिमारूप; ५ + ३ = ८ हे चिन्हरूप. यांत बोलल्या जाणाऱ्या भाषेची व व्यवहारातील प्रसंगाची भर घातली, म्हणजे एकाच कल्पनेची पाच रूपे होतात. गणित समजणे म्हणजे यांपैकी एका रूपातून दुसऱ्या रूपात दोन्ही दिशांनी जाता येणे, असे म्हणता येईल. ४२ – १७ हे उदाहरण बिनचूक सोडविणाऱ्या मुलाला त्यावरून एखादा प्रसंग रचता येत नसेल, तर त्याला रीत अवगत आहे, कल्पना नव्हे. साहित्याचे प्रयोजन हे पूल बांधण्याचे आहे.

संख्यानामे व स्थानिक किंमत : मराठी माध्यमाच्या मुलापुढील सर्वांत अवघड पूल प्राथमिक वर्गातच येतो. ‘सत्तावीस’ या शब्दात सात आधी व वीस नंतर ऐकू येते. लिहिताना मात्र २ आधी व ७ नंतर येतो. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल २७ ऐवजी ७२ लिहिते. ‘एकोणतीस’ या नावात तर नऊ नाहीच. तिसाला एक उणा, अशी वजाबाकी त्यात दडलेली आहे. पुढे ही शिस्तही टिकत नाही : ८९ ला एकोणनव्वद म्हणतात, परंतु ९९ ला नव्व्याण्णव. ‘एकशे पाच’ ऐकून १००५ लिहिणे ही चूकही याच जातीची होय. या चुका मंदबुद्धीच्या नसून ऐकलेल्या भाषेशी प्रामाणिक राहण्याच्या आहेत.

कन्नडमध्ये २१ ला ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक म्हणतात. लिपी आणि उच्चार यांचा क्रम तेथे जुळतो. उमरगा तालुक्यासारख्या कर्नाटकाच्या सीमेवरील भागात दोन्ही रीती कानी पडतात. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या (बालभारतीच्या) इयत्ता दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन देण्यात आले, तेव्हा राज्यभर व विधिमंडळातही त्यावर वाद झाला. जोडाक्षरयुक्त व उलट क्रमाची नावे मुलांना जड जातात, दक्षिणेतील भाषांत ही अडचण नाही, असे विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (मृत्यू २०२३) यांचे प्रतिपादन होते. परंपरागत नावे ही भाषेची संपत्ती आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते.

या वादाचा निकाल काहीही लागो, शिक्षकाला दोन्ही नावे एका मांडणीपाशी आणावी लागतात. त्यासाठी काड्यांचे गठ्ठे हे सर्वांत प्रभावी साधन आहे. दहा काड्या मोजून मुलाने स्वतः गठ्ठा बांधावा. दोन गठ्ठे डावीकडे व सात सुट्या काड्या उजवीकडे ठेवाव्या. मग ‘वीस आणि सात’ व ‘सत्तावीस’ ही एकाच मांडणीची दोन नावे ठरतात. २९ साठी दोन गठ्ठे व नऊ काड्या मांडून ‘तिसरा गठ्ठा व्हायला किती हव्या?’ असे विचारले, की ‘एकोण’चा अर्थ मूल स्वतः सांगते. धाराशिवसारख्या ज्वारीच्या प्रदेशात गठ्ठ्याची कल्पना परकी नाही. कडब्याच्या पेंढ्या बांधणे आणि शेकड्याने त्यांचा व्यवहार करणे मुलांनी घरी पाहिलेले असते. एकशे पाचसाठी १०० व ५ अशी दोन पत्ते एकावर एक उजवीकडे जुळवून ठेवली, म्हणजे शून्यांच्या जागी पाच कसा बसतो हे दिसते.

वजाबाकीतील ‘हातचा’ हाही गठ्ठ्यांतूनच उलगडतो. ४२ मधून १७ काढताना दोन सुट्यांतून सात निघत नाहीत. एक गठ्ठा सोडला की तीन गठ्ठे व बारा सुट्या होतात, त्यांतून एक गठ्ठा व सात सुट्या काढल्या की दोन गठ्ठे व पाच सुट्या, म्हणजे २५, उरतात. कागदावरील खाडाखोड ही सोडलेल्या गठ्ठ्याची नोंद आहे, हे एकदा हाताने केलेले मूल विसरत नाही.

साहित्याचा क्रम येथे महत्त्वाचा असतो. गठ्ठ्यात दहा काड्या खरोखरच असतात. दहा रुपयांच्या नोटेत दहा नाणी दिसत नाहीत आणि मणिचौकटीवरील दशकाचा मणी एककाच्या मण्याएवढाच असतो. पहिले साहित्य प्रमाणबद्ध, तर नंतरची दोन्ही संकेताधिष्ठित आहेत. ती आधी दिल्यास ज्या गोष्टीचे ज्ञान करून द्यावयाचे, तीच गृहीत धरली जाते. म्हणून गठ्ठे, नंतर नोटा, नंतर मणिचौकट व शेवटी नुसते अंक, असा क्रम इष्ट होय.

अपूर्णांक : व्यवहारी मराठीत अपूर्णांकांची नावे विपुल आहेत : पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच इत्यादी. जुन्या हिशेबवह्यांत पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन व पाऊण म्हणजे तीन अशी चिन्हे पूर्णांकापुढे मांडत. ‘१॥’ म्हणजे दीड. हे चिन्ह पाव भागांची सरळ मोजणीच असल्याने ते स्वतःच उत्तम प्रतिरूप होते. धान्याची जुनी मापेही निम्मेपणाच्या नियमाने बांधलेली होती. शेराचा निम्मा भाग मापटे, त्याचा निम्मा चिपटे, त्याचा निम्मा कोळवे; चार शेरांची पायली. शेराचा आकार गावोगाव बदलत असे, परंतु हे संबंध टिकून होते. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापे आणि १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यानंतर ही मापे व्यवहारातून मागे पडली. तथापि जुन्या घरांत सापडणारी मापटी-चिपटी आजही वर्गात आणता येतात. चिपटे चार वेळा ओतून शेर भरला, की १/४ + १/४ + १/४ + १/४ = १ हे विधान प्रचीतीचे होते; आणि कोळवे चिपट्याहून लहान असल्याने, आठ हा आकडा चारापेक्षा मोठा असूनही १/८ हा १/४ पेक्षा लहान का, या नेहमीच्या गोंधळाचे निरसन होते.

भाकरीचे उदाहरणही सर्वत्र दिले जाते; चतकोर हा शब्दच तिच्या चौथ्या भागासाठी आहे. परंतु गोल आकृतीची मर्यादा लवकर जाणवते. तिचे पाच वा सात समान भाग करणे कठीण असते. आणि अपूर्णांक म्हणजे नेहमी एका वस्तूचा तुकडा, अशी समजूत रुजल्यास ७/४ ही संख्या मुलाला अशक्य वाटते. म्हणून भाकरीनंतर समान लांबीच्या कागदी पट्ट्या व त्यानंतर संख्यारेषा आणावी लागते. पट्टी घडी घालून भाग करता येतात, दोन पट्ट्या शेजारी ठेवून तुलना करता येते आणि रेषेवर अपूर्णांकाला पूर्णांकांच्या मधली स्वतःची जागा मिळते.

क्षेत्रफळ व घनफळ : क्षेत्रफळाचे सूत्र पाठ असूनही एक गुंठा जमीन केवढी असते हे सांगता न येणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजेच १,०८९ चौ. फूट, ४० गुंठ्यांचा एकर. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते आणि एक आर म्हणजे १० मी. बाजूचा चौरस. शाळेच्या मैदानावर दोरी व चुन्याने हे दोन्ही चौरस एका कोपऱ्यापासून आखले, तर त्यांच्या बाजूंत जेमतेम ६ सेंमी.चा फरक दिसतो. गुंठा व आर व्यवहारात जवळजवळ एक का मानले जातात, हे त्यातून कळते. ज्या कुटुंबाचे सर्वस्व जमिनीच्या तुकड्यात आहे, त्यातील मुलाला स्वतःचा उतारा वाचता येणे ही लहान बाब नव्हे.

अवर्षणप्रवण प्रदेशात पावसाचे मोजमाप हे असेच अर्थपूर्ण साहित्य ठरते. एक चौ. मी. जागेवर एक मिमी. पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. त्यावरून एक हेक्टरावरील १०० मिमी. पाऊस म्हणजे १० लक्ष लिटर, हे विद्यार्थी काढू शकतात. पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींचा स्तंभालेख त्यांचे पहिले सांख्यिकी साहित्य होतो. माध्यमिक वर्गात शेततळ्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती उपयोगी पडते. वर ३० × ३० मी., तळाशी २४ × २४ मी. व ३ मी. खोल तळे सरळ पेटी मानल्यास २,७०० घ. मी. भरते, उतार लक्षात घेता त्याचे खरे घनफळ २,१९६ घ. मी. येते. प्रतिकृतीत वाळू भरून मोजल्यास ५०४ घ. मी.ची तफावत उतारामुळे पडते हे दिसते आणि शंकूच्छेदाच्या सूत्राची गरज आपोआप पटते.

ऋण संख्या व समीकरणे : मराठवाड्यातील पायऱ्यांच्या बारवा ही उभी संख्यारेषाच होय. जमिनीची पातळी शून्य मानून खालच्या पायऱ्यांना –१, –२ अशा संख्या दिल्या, की ऋण संख्यांची तुलना व बेरीज सहज समजते. परंतु दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, हे बारव सांगू शकत नाही. समीकरणांसाठी वापरली जाणारी तागडी दोन्ही पारड्यांतून समान वजन काढण्याची क्रिया दाखविते; उत्तर ऋण आले, की तिचाही उपयोग संपतो. प्रत्येक प्रतिरूपाला अशी सीमा असते आणि ती शिक्षकाला ठाऊक असावी लागते.

धाराशिव जिल्ह्यातील वाटचाल : हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा करण्यात आला. २०२३ मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे नाव मिळाले. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत देशातील प्राथमिक शाळांना किमान साधने पुरविण्याचे धोरण आखण्यात आले व त्यांत गणिताच्या पेटीचाही समावेश होता. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर व उस्मानाबाद हे जिल्हे निवडण्यात आले. या कार्यक्रमात प्रत्येक शिक्षकाला साहित्यनिर्मितीसाठी दरवर्षी ५०० रुपये देण्याची तरतूद होती. रक्कम लहान असली, तरी साहित्य वरून येते ही समजूत बदलून ते शिक्षकाने घडवावयाचे असते, हे तत्त्व तीत मान्य झाले होते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी पुढे वर्गाच्या फरशीवर संख्यारेषा व चौकटी आखून खडे-बियांच्या साहाय्याने शिकविण्याची जी पद्धत रूढ केली, तिचा प्रभाव राज्यभर पडला. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश झाला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पायाभूत संख्याज्ञान हे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरविले.

जिल्ह्यातील काही कुटुंबे ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या मुलांच्या शिक्षणात नेमका स्थानिक किंमतीचा वा भागाकाराचा भाग तुटतो. त्यांच्यासाठी साहित्य वर्गाच्या भिंतीवर रंगविलेले असून चालत नाही. ते पिशवीत मावणारे, कोठेही पुन्हा करता येणारे असावे लागते. शंभर चिंचोके, काही दोऱ्या, संख्यापत्ते व दहा-दहाच्या गटांत रंग बदलणारी मण्यांची माळ एवढ्या सामग्रीवर पहिल्या तीन इयत्तांचे बरेचसे अंकगणित उभे राहू शकते.

निर्मितीची तत्त्वे : (१) साहित्याची रचना कल्पनेच्या रचनेशी जुळावी. (२) ते निरीक्षणासाठी नव्हे, तर प्रत्येक मुलाच्या हाती पडेल इतक्या संख्येने असावे. (३) प्रत्येक कृतीबरोबर बोलणे, चित्र व लेखन यांची जोड असावी. (४) एका कल्पनेसाठी किमान दोन भिन्न साधने द्यावीत. नाहीतर मूल कल्पनेऐवजी साधनच लक्षात ठेवते. (५) सजावट कमी असावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जूडी डेलोश यांच्या प्रयोगांत खोलीच्या लहान प्रतिकृतीशी आधी खेळू दिलेल्या बालकांना त्याच प्रतिकृतीचा नकाशासारखा उपयोग करणे अधिक कठीण गेले. वस्तू स्वतःच फार आकर्षक झाली, की ती दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह आहे हे मुलाच्या दृष्टीआड होते. (६) साहित्य केव्हा काढून घ्यावयाचे, हेही आधी ठरलेले असावे.

मर्यादा : साहित्य हाताळल्याने गणित आपोआप कळते, हा भ्रम आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्ये या ‘जादुई’ अपेक्षेविषयी सावध केले होते : गठ्ठ्यात दशक दिसतो तो प्रौढाला, कारण त्याला तो आधीच ठाऊक असतो, मुलाला दिसतात त्या दोरीने बांधलेल्या काड्या. त्या काड्यांचा दशक होतो तो प्रश्न, चर्चा व नोंद यांतून. उलट बाजूने, साहित्य कुलुपबंद कपाटात सुरक्षित राहणे, तपासणीच्या दिवशीच ते बाहेर येणे किंवा तयार संच आल्यावर शिक्षकाने स्वतः काही घडविणे थांबविणे, हे दोषही अनुभवास येतात. अनेक इयत्ता एकाच शिक्षकाकडे असलेल्या लहान शाळेत साहित्य देणे, गोळा करणे व मुलांचे बोलणे ऐकणे यांस लागणारा वेळ, ही खरी अडचण असते. तिचा विचार योजना आखताना क्वचितच होतो.

साहित्याच्या यशाची कसोटी त्याच्या अनुपस्थितीत लागते. गठ्ठे दूर ठेवल्यावर ‘सत्तावीस’ हा शब्द ऐकून मूल दोन दशके व सात एकक मनाने मांडू लागले, चूक झाल्यास ती चित्र काढून स्वतः शोधू लागले आणि दुसऱ्याला समजावून देऊ लागले, म्हणजे साहित्याचे काम पूर्ण झाले, असे समजावे.